पाल्मारेसला मार्क करताना

कमिटीनं सांगितलं, तू फक्त त्या नऊ नंबरला धर,
बॉलकडं बघू नको, कमरेकडं बघ.
बघितलं. छत्तीस वर्षांची कंबर,
डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज,
आणि कॅम्पातल्या ग्राउंडच्या भिंतीवर चढून
पोरं ओरडायलेली: ए नेपाळी! ए चिन्या!
तो भिंतीकडं वळला, छातीवर हात ठेवून
हजेरी दिल्यासारखा म्हणाला: फिलिपिनो.
दुसऱ्या मॅचपासून पोरं फिल्प्या म्हणाली.

पहिल्या हाफात मला तीनदा डावीकडनं फसवलं.
धावत नव्हता. धावायचं त्यानं
कुठल्या तरी मागच्या देशात सोडलं होतं.
नुसता खांदा पाडायचा,
बुटक्या दारातनं आत शिरणारा माणूस वाकतो तसा,
आणि मी भलत्याच घरात.

एका गोलाला दोन हजार. नाही झाला तर
खानावळीवरची खोली, दोन वेळचं जेवण,
गोव्याच्या बसचं भाडं.
केदारी मास्तरांनी वहीच्या पानावर लिहिलं, मराठीत.
त्यानं न वाचता खाली सही केली,
मोठ्या क्लबात करायचा तशीच, लांबलचक:
जेलितो पाल्मारेस.

रात्री त्याला स्कूटरवरनं सोडायला मीच.
थर्ड गेट पडलेलं, पुढं उसाची ट्रॉली.
त्यानं एक कांडं ओढलं, दातानं सोललं,
माझ्यापेक्षा सफाईनं.
आमच्याकडं पण हाच, म्हणाला, पनाय बेटावर.
बाप तोडणीला जायचा. मी मागनं, अनवाणी,
तोडलेल्या रानात बुडखे चुकवत.
वळायला तिथंच शिकलो.
डिफेंडर काय, नुसता पाडतो. बुडखा टोचतो.

मग मनिला. मग देशाच्या टीमचं बाकडं.
अकरा मिनिटं खेळलो, आख्ख्या आयुष्यात.
बॉल पायाला लागला चार वेळा.
बोटांवर मोजून दाखवलं,
चौथ्या बोटाशी जरा थांबला.
थायलंड, खालचा डिव्हिजन. मालदीव,
तिथं जोरात क्लिअर केला की बॉल आणायला होडी.
मग गोव्याचा क्लब, जो एका सोमवारी नव्हताच.
तीन महिन्यांचा पगार आणि मॅनेजरचा फोन,
दोन्ही एकदम बंद.

मी काय सांगणार? उद्यमबागेत मोल्डर.
माझं करिअर म्हणजे सेकंड शिफ्ट.
खरं त्यानं विचारलं, म्हणून सांगितलं:
एकोणीस वर्षं स्टॉपर, गोल तीन,
त्यातला एक आमच्याच जाळीत.

समोरच्या पाटीवर डांबर का फासलंय, म्हणाला.
भाषा, मी म्हटलं.
कुठली?
दोन्ही. आलटून पालटून.
त्याच्याकडं शंभरावर आहेत म्हणे.
मग एकेक शब्द काढत बसलो.
गालावर बोट ठेवून तो म्हणाला, मुखा.
मुख, मी म्हटलं.
शिकवतो तो? गुरो.
हात्तेच्या, गुरू की!
आणि एजंटचा फोन वाजला की पोटात जे हलतं,
दर सीझनला, अजून?
पाग-आसा, म्हणाला.
मी ओळखलं. खरं बोललो नाही.
रेल्वे गेली, गेट वर झालं.

फायनलला साठ मिनिटं मी त्याची जर्सी धरून होतो,
रेफ्रीची पाठ बघून.
नऊच्या पोटातनं टर्रकन फाटली.
मला माहीत होतं, डावीकडं.
मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.
तरी डावीकडनंच गेला.
बॉल पोस्टला लागून बाहेर.
आमची आख्खी भिंत नाचायली. मी नाही.

भारतीनं जर्सी रातोरात शिवली. नऊ तिरका बसला.
सकाळी कुंद्याचा डबा मांडीवर घेऊन
तो चोर्ला घाटाच्या बसमध्ये, खिडकीशी,
गुडघा लांब करायला जागा नाही म्हणून
तिरकाच बसलेला.

नंतर कोण म्हणतं भूतानला गेला,
कोण म्हणतं घरी, ट्रॅक्टर घेतला.

मी अजून भट्टीपाशी लॅडल घेऊन वळताना
आधी डावा खांदा बघतो.
कोण नसतं.
पोरगा हेल्पर विचारतो, काय ओ मामा?
काय नाही, म्हणतो,
आणि एक पाऊल मागं सरतो.