रकाना

गणिताचे ढोक सर वहीत रेघा मारतात,
धारणीच्या मुरमाड मैदानाकडेला,
वही सायकलच्या कॅरिअरवर टेकवून.
त्यांच्या आकड्यांनीच दाखवलं:
पेनल्टी कॉर्नर फुलय मारते तेव्हा
सातात चार गोल.
मी तिला पाण्याच्या कॅनवर ठेवलं होतं.

त्याच वहीत सुंदी कास्देकर.
तीन सामने, चेंडूला स्पर्श अकरा.
"बसवा तिला," सर म्हणाले. बसवली.

परतवाड्याच्या पोरी मग
आमच्या उजवीकडूनच आल्या,
फाटक उघडं दिसल्यावर
गुरं वावरात शिरावीत तशा.
पाच गोल.

ती उभी असायची तेव्हा
त्या बाजूला कोणी फिरकतच नव्हतं.

रात्री सरांनी नवा रकाना आखला.
वर काय लिहावं, सुचेना.
पेन्सिल कानावर तशीच.

सुंदी स्टिकच्या मुठीला
सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळत होती.
"उद्या खेळू का जी, सर?"