चतुःसीमा

वीजबिल अजून बाबांच्या नावानं येतं.
उकंडराव महादेव डाखोरे, कृषिपंप, पाच अश्वशक्ती.
अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन
आणि थकबाकी अजून त्यांनाच विचारते,
कधी भरता?

चारशे संत्र्याची झाडं लावली बाबांनी,
एकेकाचा स्वभाव पाठ.
धुऱ्याजवळचं चौथं आंबट,
विहिरीकाठचं दरसाल उशिरा.
हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.
कागदाचं नाव काढलं की म्हणायचे,
"लेकरं समजदार हायेत माही. कायले पाह्यजे कागद?"
आणि होतोच आम्ही समजदार,
ते होते तोवर.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी
रुपरावदादा म्हणाला, विहीर माझ्याकडे येते.
धाकटा म्हणाला, पाइपलाइन माझ्या पैशाची.
मग दोघंही वळले कांताताईकडे नि माझ्याकडे
हक्कसोडाचा कागद घेऊन.
आमची नावं माहेरची नि सासरची,
एक काना चुकला नव्हता.
"बहिणी राजीखुशीनं" असं टाइप केलेलं.
ताईनं सही केली. तिला दिवाळीला साडी येते.
मी म्हटलं, आधी सांगा, बाबा काय म्हणाले होते?
चौघांना चार वेगळं आठवलं.
कुणीच खोटं बोलत नव्हतं,
हेच अवघड.

बागेला ताण देतात.
माहीत नसेल तर सांगते:
महिनाभर पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची,
मग पाणी सोडलं की झाड पांढरं होतं फुलांनी.
पण दिवस मोजावे लागतात.
चार जास्त झाले की झाडच जातं.

आमच्या घराला अकरा वर्षं ताण आहे.
वरुडच्या कोर्टात तारखा.
मोटर कुणी सुरू करायची यावर स्टे.
दीडशे झाडं वाळली, उरलेल्यांना डिंक्या.
गारपिटीची मदत साऱ्या शिवाराला आली,
आमच्या गटापुढं शेरा:
वारसांत वाद.

परवा मी नवऱ्याला आर्वीच्या तहसिलीत नेलं,
लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या सयाम मास्तरांकडे.
नवरा गाडीवरून उतरेना.
"मरायच्या गोष्टी कायले करून रायली सकाळी सकाळी?"
म्हटलं, बोअर मारायला पानाड्या आणता,
आणि आपल्यामागं लेकरांनी
जमीन चाचपत बसायचं?

मास्तरांनी चष्मा पुसला.
मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही बाई,
साधा कागद, शुद्धीतलं डोकं, दोन साक्षीदार.

साधा कागद.
मी थोडा वेळ लिंबाच्या बुंध्याकडे बघत राहिले.

दोन एकर लेकाला आणि लेकीला सारखं.
शिलाईचं दुकान लेकीला, मशीन तिनंच दुरुस्त केलीय.
मग घर. चतुःसीमा सांगा, म्हणाले.
पूर्वेस रस्ता.
पश्चिमेस गणोरकरांचा गोठा.
उत्तरेस नाली.
दक्षिणेस मोकळी जागा, आम्ही दोघंही एकदमच बोललो.
मास्तर खटखट करत होते,
तेवढ्यात नवरा म्हणाला,
"अन् मागची खोली नलूची. थे जित्ती हाय तोवर.
कोणी काढू नये तिले."
नलू म्हणजे त्याची बहीण,
सासरहून एका पिशवीनिशी आलेली.
वीस वर्षांत हे वाक्य
मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.
तिनंही नाही.

साक्षीला एक चहावाला
आणि जातीच्या दाखल्यासाठी ताटकळलेला पोरगा.
त्यानं सही इतकी जपून केली
जसं काही त्याचंच घर आहे.

कागद बिस्किटाच्या डब्यात ठेवला
आणि डबा कुठं आहे ते दोघा लेकरांना फोनवर सांगितलं.
लेक घाबरली. आई, तुला काही झालंय का?
काही नाही गं, म्हटलं,
बाजारातून किलोभर संत्री आणली येताना.
आंबट निघाली.
धुऱ्याजवळच्या चौथ्यासारखी.