उभी

एकशे पन्नास शब्द. त्यावर एक जरी झाला
तर मजकूर तिथेच कापला जाईल,
असं मुख्यालयाचं पत्र आहे.
सोबत फोटो. खांद्यापर्यंत. टोपी नको.

डंडीच्या निवृत्तिवेतन कचेरीत
सव्वीस वर्षं मी बसून काढली.
बसून होकार दिले, बसून नकार,
मेलेल्यांच्या फाइलीही बसूनच बंद केल्या.
डॉक्टर म्हणाले, इशबेल, तुझ्या मणक्याला उशी नको,
जरा उभी राहत जा.
त्याच आठवड्यात शाखेनं
राष्ट्रीय कार्यकारिणीसाठी माझं नाव सुचवलं.
सभेला अकरा जण होतो,
त्यातले दोघे बिस्किटांसाठी.

कंबर कस, म्हणाले सगळे.
कसते. पण आधी पट्टा कुठे ठेवलाय ते बघू दे.

स्वयंपाकघराच्या टेबलावर पहिलं वाक्य: मी लढेन.
खोडलं.
गेल्या खेपेच्या पत्रिकेत अडतीस उमेदवार होते
आणि अडतीसही जण लढत होते.
मी काय केलं ते सांगू?
विल्मा गेडेसच्या आजारी रजेची बेरीज चुकली होती.
साहेबांसमोर तीन वेळा करून दाखवली.
चौथ्यांदा त्यांनी मानली.
तोवर विल्मानं नोकरी सोडून
बहिणीच्या दुकानात लोकर विकायला घेतली होती.
याला लढा म्हणवत नाही मला.
बेरीज होती ती, आणि उशिरा बरोबर आली.

रात्री एकाचा फोन: तुम्ही कोणत्या गटाच्या?
म्हटलं, दुसऱ्या मजल्याच्या.
तो बराच वेळ गप्प होता.
बहुधा यादीत शोधत असावा.

ॲबर्डीनच्या फाटकाशी पत्रकं वाटली.
वारा असा, की हातातलं पत्रक
घेणाऱ्याच्या आधी समुद्रच घ्यायचा.
एका पोरानं कानातलं काढून विचारलं,
युनियन म्हणजे पगारातून कापतात तेच ना?
हो रे बाबा, तेच.
एका सीगलनं माझं सँडविच नेलं.
त्या दिवशी ठाम मत असलेला तो एकटाच भेटला.

मजकूर पाठवायची शेवटची संध्याकाळ.
ग्राझिना व्हॅक्यूम ओढत आली,
माझ्या खांद्यावरून वाचू लागली.
वाचताना तिचे ओठ हलतात.
'सर्वांसाठी' या शब्दावर तिनं बोट ठेवलं.
बोटाला साबणाचा वास.
मी आहे यात?

एकोणीस वर्षं ती हाच मजला झाडते आहे.
आधी आमच्यातलीच होती.
मग एका सकाळी ठेकेदार आला,
झाडू तोच, बादली तीच,
हजेरीपटावरून मात्र ती नाहीशी झाली.
तिच्या घरी मतपत्रिका जाणार नाही.

नाहीस, असं म्हणायला तोंड उघडलं
आणि बंद केलं.
ती पलीकडच्या रांगेत गेली.

मग मी काटाकाटी केली.
माझी सव्वीस वर्षं काढली, समित्या काढल्या,
'अनुभवी' काढलं, 'निर्भीड' तर आनंदानं काढलं.
तरीही जागा पुरेना.
घड्याळ बघितलं, आणि तसंच पाठवून दिलं.

पत्रिका आली. फोटोत मी घाबरलेली,
आणि माझ्या मजकुराचा शेवट असा:
आणि सहा वाजता आमच्या मजल्यावर जी

बस्स. पुढे दुसऱ्याच उमेदवाराचा लढा.

मी एकतिसावी आले.
शंभरातल्या नव्वदांनी पाकीटच फोडलं नाही.
शाखेनं केक आणला, त्यावर माझ्या नावात
एक अक्षर कमी होतं.

पण विकहून एका बाईचा फोन आला,
मग कार्डिफहून एका म्हाताऱ्याचा,
मग कुठल्याशा बंदरावरच्या कस्टमवाल्याचा.
मत दिलं की नाही ते कुणीच बोललं नाही.
सगळ्यांचा प्रश्न एकच:
सहा वाजता जी... काय?

घड्याळात सहाला दोन मिनिटं कमी आहेत.
लिफ्टपाशी चाकं वाजतात.
मी खुर्ची मागे सारते.
टेबलाखाली तिला नीट झाडता यावं म्हणून
रोज या वेळी मी उभी राहते.