सव्वीस

मे महिन्यात प्रशिक्षण म्हटलं की काय असतं
ते आम्हाला ठाऊक आहे :
सही, चहा, दोन बिस्किटं, डुलकी,
पुन्हा सही.
म्हणून नांदेडला निघाले तेव्हा पिशवीत विणकाम घेतलं.
आणि पत्रात लिहिलं होतं म्हणून
शाळेमागच्या मातीच्या तीन पुड्या.

मुखेडपासून एसटीत त्या मांडीवर.
शेजारची म्हातारी म्हणाली, कोणत्या देवाचा अंगारा गं?
मी म्हणाले, इंजिनिअरिंग कॉलेजचा.
तिने हात जोडले.

प्रयोगशाळेत भाषण कुणी केलं नाही.
मारोती केंद्र्यांनी हातात चाळणी दिली,
म्हणाले, हालवा.
दिवसभर हलवली.
संध्याकाळी पदरात, पापण्यांत, डब्यातल्या भाकरीवर
गावची माती.

निखत माझ्या पहिल्या बॅचच्या पोरींहून लहान.
काळ्या मातीवर पीएच.डी. करते.
दहा ग्रॅम पाण्यात टाका, म्हणाली, दहा ग्रॅम रॉकेलमध्ये.
रॉकेलमध्ये माती गप्प बसते.
पाण्यात फुगते. किती, ते उद्या.
मी विचारलं, उत्तर किती यायला पाहिजे?
ती हसली नाही.
म्हणाली, मला माहीत असतं
तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?

रात्री हॉस्टेलचा पंखा मोजत पडून राहिले.
एकोणीस वर्षांत असा एक प्रश्न विचारला नव्हता
ज्याचं उत्तर माझ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नाही.

सकाळी नळ्या ओळीत.
रॉकेलच्या तिन्ही दहावर.
पाण्याची पहिली एकवीस. दुसरी एकवीस.
तिसरी सव्वीस.
इकडेतिकडे पाहिलं.
वहीत लिहिलं : एकवीस.
हात थरथरला नाही, हे मुद्दाम सांगते.
सवयीचा हात होता.

दुपारी निखतने तिसरी नळी उजेडात धरली.
मॅडम, हा एकवीस कुणाचा?
माझा, असं म्हणता येईना.
तो माझा नव्हताच.
तो त्या सगळ्या पोरांचा होता
ज्यांच्या जर्नलमध्ये लंबक हलला की
दरवर्षी, दर बाकावर, नऊ पॉइंट आठच यायचं.
सुतळी लांब असो की आखूड,
पंखा चालू असो की दार उघडं.
सोमनाथ गुट्टेला एकदा आठ पॉइंट नऊ आलं होतं.
मी लाल शाईने गोल केला,
आणि पुढच्या वर्षी त्याला काहीच आलं नाही,
कारण तो आला नाही.

हे मी तिला सांगितलं नाही.
ती म्हणाली, सव्वीस आलं तर सव्वीसच हवंय मला.
पुडी कुठली होती?
आठवलं. लिंबाकडची नव्हे, हापशाकडची नव्हे,
सातवीच्या भिंतीखालची.
ती भिंत, जिच्या भेगेत पोरं खडूचे तुकडे खुपसतात,
आणि दर उन्हाळ्यात खडू आत पडतो.

भेग तिथेच का?
तीन आठवडे शोधलं. पुरतं सापडलं नाही.
हे असं वाक्य अहवालात लिहितात म्हणे.
मी चारदा लिहून पाहिलं,
खाली सही करताना वळण बदललं.

जूनमध्ये नववीचे पाच जण खिडकीत नळ्या लावून बसले.
काचेच्या नाहीत, प्लास्टिकच्या, मापाला पट्टी चिकटवलेली.
रॉकेल कुठून आणणार आता?
रेशनचं बंद झालं.
आम्रपाली कांबळेच्या आज्याने फवारणीचा पंप धुवायला
एक बाटली जपून ठेवली होती, तीतलं अर्धं.
हेडसर दारात आले. काय करूलालाव मॅडम?
वास येऊलालाय.

आम्रपालीने वाचलं : चोवीस.
शेजारच्याचं बावीस पाहिलं.
खोडरबर उचललं.
मग माझ्याकडे बघितलं,
जसं मी त्या दिवशी इकडेतिकडे बघितलं होतं.

मी काही बोलले नाही.
खोडरबर मागून घेतलं,
टेबलाच्या खणात टाकलं.
खणात आधीपासून लाल पेन होतं.
खण नीट लागत नाही,
भिंतीबरोबर तोही वाकडा झालाय.