अर्धा तास ताठ

बांबोळीच्या यंत्राखाली निजवून
त्या पोरीने माझ्या कमरेचा फोटो काढला
आणि आकडा दिला : उणे दोन पूर्णांक नऊ.
म्हटलं, बाय, जन्मभर तिसऱ्यांचे वाटे लावून विकले,
वर चार पदरच्या घातल्या,
उण्यात कधी गेले नाही.
ती हसली नाही. मागे रांग होती.

त्याआधी मनगट मोडलं होतं.
पडून नव्हे. ओली गोधडी पिळताना.
सुकी काडी मोडावी तसा आवाज,
आणि मी गोधडीतच बघत राहिले, काय तुटलं म्हणून.

आवेलिनच्या फार्मसीत पांढरी डबी मिळाली.
साठ गोळ्या, एकेक अशी की घोड्याला द्यावी.
आवेलिन बोटांवर मोजत सांगतो :
जेवणावर घे, चहावर नको,
रक्तवाढीची लाल गोळी हिच्या वाऱ्यालाही नको,
ती सकाळी, ही दुपारी,
दोघी एका घरात नांदत नाहीत.
आणि हा तेलकट मणी आठवड्याला एक,
हे म्हणजे ऊन, कातडीने घ्यायचं राहिलेलं.

म्हणे ऊन!
चाळीस वर्षं चिखलीच्या गाळात
पाठीवर घेऊन वाकले
ते कुठल्या वहीत गेलं?

साईशने डबीवरची बारीक अक्षरं वाचली :
शिंपल्यांच्या भुकटीपासून.
पुन्हा वाच, म्हटलं.
त्याने पुन्हा वाचलं.
मग मी इतकी हसले की सून हातातलं पीठ घेऊन बाहेर आली.

घरामागे माडांच्या मुळांत
आमच्या शिंपल्यांचा ढीग होता, सासूच्या वेळेपासूनचा.
चुन्याच्या भट्टीवाला पाट्या भरून न्यायचा,
पाटीला आठ आणे.
नेतोस ते नेतोस, वास तरी जातो, म्हणायची सासू.
तोच माल फिरून आला,
झाकणाला सील, तीनशे वीस रुपये.

रविवारची गोळी निराळी.
दिसायला बारीक, मान मोठा.
उपाशीपोटी, पेलाभर पाण्याने,
आणि मग अर्धा तास ताठ.
आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, खायचं नाही.
इनासिनलाही तीच दिलीय,
म्हणून तिच्या बलकावावर आम्ही दोघी,
फोटोवाला येणार असल्यासारख्या.
कुडीला सवय नाही.
सुकती लागली की कमरेत घडी पडायची,
भरती येईतो उघडायची नाही.

हाडं परत भरतात का गो? इनासिन विचारते.
डॉक्टरीण म्हणाली, तशी भरणार नाहीत,
गळती कमी होईल.
म्हणजे खाजनाच्या बांधासारखं.
म्हणजे तसंच.
कुर्ल्या बीळ पाडतात, आपण चिखल थापतो.
पुढच्या वर्षी परत?
पुढच्या वर्षी परत.

पोदेराचा पोंगा वाजतो.
गरम पावांचा वास पायऱ्या चढून येतो
आणि आम्ही दोघी घड्याळाकडे बघतो.
पंधरा मिनिटं.
ठेवून जा रे, इनासिन म्हणते,
सहा उंडे. नको, आठ.
तो विचारतो, आज काय, वाढदिवस?

खाली पाणी ओसरलंय.
कुणाची तरी सून गुडघाभर गाळात उतरलीय,
उंच आहे चांगली,
हात कोपरापर्यंत आत घालून चाचपते.
इनासिन बसल्या जागेवरून ओरडते :
अगे, मधून मधून उभी राहत जा!

तिला ऐकू गेलं नाही.
तिथे ओणवं असलं की वरचं ऐकू येत नाही,
मला ठाऊक आहे.
आठ मिनिटं उरलीत.
पाव निवतायत.