पान २७१

तुर्कूच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर
इर्मेली कुउसेला मोजते
कोणी कोणाचं नाव घेतलं.

सव्वीस वर्षं हेच काम.
या वेळी विषय मूळपेशी.
समितीला आलेख हवाय जूनच्या आत,
आणि जूनमध्येच ती निवृत्त होणार.

आलेख तसा साधाच:
नव्वदच्या दशकात जमिनीला चिकटून रांगणारी रेघ,
मग कोणीतरी हाक मारल्यासारखी उठते
आणि उठते ती उठतेच.
आधी वर्षाला पाच-पन्नास निबंध, मग हजारांनी,
एकेकावर वीस वीस नावं
लग्नपत्रिकेवरच्या निमंत्रकांसारखी.
जो दर रविवारी येऊन पेशींचं खाद्य बदलायचा
तो रेइयो मात्र शेवटी, आभारांत,
आणि आभार मोजायला तिच्याकडे रकाना नाही.

काही जण आपली पाठ आपणच थोपटतात:
चाळीस संदर्भांत एकोणीस स्वतःचे.
काहींचं दोघांत ठरलेलं, तू माझं म्हण, मी तुझं म्हणतो.
एक निबंध मागे घेतला गेला, चित्रं खोटी निघाली म्हणून,
वर लाल अक्षरांत तसं छापलंयही;
तरी गेल्या वर्षी त्याला एकतीस जणांनी साक्षीला बोलावलं.
मेलेल्या माणसाच्या नावाने
अजून विजेचं बिल यावं तसं.

मूळपेशी म्हणजे काय, हे तिला रेइयोनेच सांगितलं होतं,
कँटीनमध्ये, वाटाण्याच्या सूपवर वाफ असताना.
"जिने अजून काही ठरवलेलं नाही, ती."
मग माझा भाऊ अख्खा त्याचाच बनलाय, ती म्हणाली.
गुरुवार होता. दोघं पुष्कळ हसले होते.

एप्रिलमध्ये औरा नदीवरचा बर्फ फुटत असताना
तिला एक चूक सापडली.
याच शहरातला निबंध, १९९६चा,
बुबुळाच्या काठावरच्या पेशींवर,
पान २१७.
कोणीतरी घाईत लिहिलं २७१.
दुसऱ्याने त्याचं पाहून लिहिलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं.
सोलपासून साओ पावलोपर्यंत
एकशे बारा जण,
आणि मूळ निबंध कोणी उघडला नाही.

ती तळघरात गेली.
सरकती कपाटं, हाताने फिरवायचं चाक,
खंड एकेचाळीस, हिरवी बांधणी.
पान २७१:
पर्च माशाचा तुटलेला पर पुन्हा कसा उगवतो.
लेखिका एकटीच, हेल्वी मुस्ताकालिओ, औलू.
चौदा पानं. आकृत्या शाईने काढलेल्या,
एका माशाच्या डोळ्यात उगाचच थोडा राग.
मिळालेले संदर्भ: शून्य.

एकशे बारा बोटं या दारापर्यंत आली
आणि कडी एकदाही वाजली नाही.

इर्मेली उभ्याउभ्याच वाचत राहिली.
जखमेच्या कडेला पेशी आधी
आपण कोण होतो ते विसरतात, हेल्वीने लिहिलं होतं,
आणि विसरायला त्यांना चार दिवस लागतात,
थंड पाण्यात सहा.
मध्येच दिवा आपोआप विझला.
तिने अंधारात हात हलवला,
जणू कोणाला तरी लांबून ओळख देत होती.
दिवा पुन्हा लागला.

वर येऊन तिने दुरुस्त्या सुरू केल्या.
२७१ खोडायचे, २१७ लिहायचे.
प्रत्येक दुरुस्तीबरोबर
एक बोट त्या दारावरून उठत होतं,
तिला ते कळत होतं, आणि नियम नियम असतो.
खिडकीखाली बर्फाचे तुकडे
एकमेकांना ढोसत समुद्राकडे निघालेले.

साडेचारला तिने संगणक बंद केला,
कोट घातला, बूट बदलले.
एकशे अकरा दुरुस्त झाले होते.