जुळणी

चौघांत एक मोबाईल, एक तिपाई,
तिचा एक पाय सुतळीनं बांधलेला.
निमकर बाई म्हणाल्या, आधी नुसतं बघा,
दहा मिनिटं कुणी काही हातात घ्यायचं नाही.
बघितलं. सर्जेकोटचं बंदर, माघातलं,
सकाळचे नऊ, पाणी धक्क्याच्या पायरीला टेकलेलं,
होडीत लाडू तारी, फाटक्या बनियनात,
दाढी वाढलेली, मांडीवर जाळं.

मग लांबून एक शॉट.
सुरू केल्यावर मनात दहा मोजायचे.
मी सहालाच थांबवला.
पुन्हा घेतला तेव्हा कळलं,
सातानंतर बगळा येतो, होडी जराशी फिरते
आणि चित्र आपलं आपण सुरू होतं.

वारा माइकमध्ये शिरून गुरगुरत होता.
यास्मिननं पायातला शाळेचा मोजा काढला
आणि त्याच्यावर चढवला. बाई म्हणाल्या, हेच.
त्याला काहीतरी नाव आहे म्हणे,
मी विसरले, मोजा लक्षात राहिला.

जवळचा शॉट राहिला आणि बॅटरी गेली.
मालवणात चार्ज करून, वडापाव खाऊन
परत येईतो तीन वाजले.
होडी चिखलात कुशीवर निजलेली,
लाडू तारी तिच्या सावलीत.
आता हे त्याला जोडायचं कसं?
लांबून बघावं तर माणूस पाण्यावर,
जवळ जावं तर चिखलात.
बघणारा विचारेल, मधल्या मधे दर्या कोण प्यायला?

काका, उद्या नऊला येतो, मी म्हटलं.
ते सुईवरून नजर न काढता हसले.
"उद्या नऊक ह्या पाणी नसतला.
आज बारस. बाराची पाऊणपट किती?
नऊ. उद्याची तू कर.
ह्याच पाणी व्हया तर पुढच्या बारशीक येवा."

वहीत शॉटची नावं होती,
ओलांडायची नाही अशी एक रेघ होती,
तिथीचं गणित नव्हतं.
समासात लिहून घेतलं.

पुढची बारस, नऊ.
तीच पायरी, तेच पाणी,
ऊनही जवळपास तेवढंच तिरपं.
आणि लाडू तारी
गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीच्या सदऱ्यात
फोटोला बसावं तसे ताठ.
काकू धक्क्यावरून ओरडत होत्या, हसा मरे जरा!

आम्ही एकमेकांकडे बघितलं.
कोण सांगणार त्यांना?
बाई काही बोलल्या नाहीत. तिपाई होडीत ठेवली,
अगदी खाली, आणि मला म्हणाल्या, बस.
चौकटीत फक्त हात:
सुई जाते, गाठ बसते,
अंगठ्याशी कापल्याची जुनी खूण, मागे पाणी.
बाही तेवढी आत येत होती.
काका, जरा वर घ्याल?
त्यांनी जाळं खाली ठेवलं,
इस्त्री मोडू नये म्हणून
एकेक घडी सावकाश घालत बाही कोपरापर्यंत नेली.

मोबाईल चालूच होता.
मी थांबवला नाही,
दहा झाले तरी.